आईच्या बाजूचं चाक

हॅलो?… हॅलो… हां, ताई, बोल. थांब थांब, हात ग्रीसने बरबटलेत, नाकाने बटण दाबलंय… स्पीकरवर टाकलं. फोन बॉनेटवर ठेवते. हां, आता बोल.

…नाही झालं अजून.

…अगं, नाही झालं म्हणजे नाही झालं. सकाळपासूनचा हा तुझा सातवा फोन. तुला दवाखान्यात बाबांच्या सोबतीला बसवलंय की माझ्यावर मुकादम नेमलंय?… हो, ते करायला लावतात म्हणून तू करतेस, कळतं मला. पण दर फोनला मला गाडीखालून सरपटत बाहेर यावं लागतं, हे त्यांना कळतं का, विचार.

…काय म्हणाले?… 'फोन खिशात ठेवायचा.' बरं. पुढच्या वेळी खिशात ठेवते.

…हो, आर्म बसवले. दोन्ही बाजूंचे, नवे कोरे… तुला काय कळत नाही त्यात? आर्म म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी हात. त्याच्या सांध्यात रबर असतं, त्याला बुश म्हणायचं. आपल्या गुडघ्यात गादी असते ना, तसं. ते झिजलं की लोखंडावर लोखंड आपटतं… हो, तीच ती खडखड. आईच्या बाजूचं रबर तर नावाला उरलं होतं. काढताना तुकडेच हातात आले.

…डॉक्टर येऊन गेले? मग?… उद्या अकराला सोडणार. नक्की? मागच्या वेळी पण नक्कीच म्हणाले होते… बरं, बरं. अकरा.

…हो गं, धक्का बसता कामा नये. पाठ झालंय मला ते. मणक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला खड्ड्यात गचका बसला तर काय होतं, हे मला नको सांगूस. त्याच्यासाठीच तर सकाळी सातपासून अंगणात लोळतेय मी. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या पुसणारी बाई, आज हातोडा घेऊन बसलीये.

…अँब्युलन्सचं मला काय सांगतेस? मी नको म्हटलंय का? त्यांना सांग ना… ऐकलं ना काय म्हणाले? मला इथून ऐकू आलं. 'माणूस आडवा होऊन घरी एकदाच येतो, आणि ती वेळ अजून आली नाही.' आता मागच्या सीटवर उशा लावून ते आडवेच असणार आहेत. पण ते आडवं वेगळं, हे आडवं वेगळं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना. यांच्या पाठीत तर डॉक्टरांनी स्क्रूच घातलेत, आता काय विचारायचं.

…गॅरेजवाल्याकडे गेले नसेन का मी? बुधवार म्हणाला. त्याच्याकडे आधीच तीन गाड्या उघडून पडल्यात. नवे आर्म मात्र त्यानेच मिळवून दिले. आता इतक्या जुन्या गाडीचे आर्म मिळतात तरी कुठे… हो, डब्यासकट. डब्यात कागदसुद्धा होता. त्याच्याबद्दल बोलायचंय मला तुझ्याशी, पण नंतर. आत्ता नाही.

…हो, तो गंजलेला बोल्ट निघाला. तू फोन ठेवलास आणि निघाला. त्याला काय, लोकांसमोर काम करायचं नव्हतं बहुतेक… काय करू म्हणजे? तुझ्यामार्फत सूचना येत होत्या ना एकेक. 'हळू मार.' मारला हळू. 'हळू काय मारतेस, जोरात मार.' मारला जोरात. 'इतक्या जोरात कोणी सांगितलं?' मग मी पान्याला नळाचा जुना पाईप अडकवला, त्याच्यावर उभी राहिले आणि उडी मारली… नाही, पडले नाही. म्हणजे पडले, पण बोल्ट सुटला. ढुंगण शेकते रात्री.

…अंगठा ठीक आहे. काळा झालाय नुसता. आईने त्याला चिंधी बांधलीये, ती पण काळी झालीये.

…काय विचारतायत? बोल्ट आवळलेस का?… आवळले होते.

…आवळले होते म्हणजे आवळले होते. आता सोडले परत.

…अगं, सोडले. सैल केले. त्याला कारण आहे, मी तुला… ताई, त्यांना सांगू नकोस. मी तुला आधी… सांगितलंस?

…कपाळ माझं.

…ताई, तू टेलिफोन एक्सचेंज आहेस का? इकडून आलं की तिकडे सोडलं? जरा पोटात ठेवायचं असतं माणसाने… हो, येतोय मला आवाज. 'कोणी सांगितलं सोडायला, चाक हवेत असतानाच आवळायचं, किती वेळा सांगितलं.' गाडी घेतल्यापासून एकवीस वर्षं तेच सांगतायत, कान किटले.

…तू आधी खोलीच्या बाहेर ये. हो, आत्ता. त्यांना सांग रेंज नाही, सांग नर्सने बोलावलंय, काहीही सांग… व्हरांड्यात आलीस? दार लावलंस?… पूर्ण लाव. त्यांचे कान मला माहितीयेत. पंपहाउसमध्ये तीस वर्षं फोरमन होते, दहा मोटारींच्या घरघरीत कोणत्या मोटारीचं बेअरिंग वाजतंय ते सांगायचे. तुझी कुजबुज म्हणजे काय त्यांना.

…हां. आता ऐक. मध्ये बोलू नकोस.

त्या डब्यात कागद होता म्हटलं ना. नवा आर्म घेतला की येतो, कसा बसवायचा त्याचा. बाबा तो कधी बघायचेच नाहीत. 'कागद वाचून काम करतो तो कारागीर नव्हे, कारकून.' चुरगाळून फेकायचे. मी पण फेकला. पण आईला तुला ठाऊक आहे, पुडीचा कागद दिसला तरी दोन्ही बाजूंनी वाचून मग टाकते. तिने तो उचलला, चष्मा लावला, पायरीवर बसली आणि वाचला. मी गाडीखाली. दोन्ही आर्म बसवून, बाबांनी सांगितलं तसं चाकं हवेत लोंबत ठेवून, सगळे बोल्ट पक्के आवळून मी दमून पडले होते. तर ही म्हणते, "अगं, यात तर उलटं लिहिलंय."

…तेच सांगतेय ना. कागदात लिहिलंय, चाकं जमिनीवर टेकलेली हवीत. गाडीचं सगळं वजन चाकांवर आलं पाहिजे, आणि मगच शेवटचं आवळायचं. ठळक अक्षरात, खाली चित्र, चित्रावर फुली. फुली कशावर? बाबा करतात त्याच्यावर.

…फरक पडतो म्हणजे, सगळा फरक त्यातच आहे. ऐक. चाक लोंबत असताना आवळलं की रबर त्या लोंबत्या जागी पक्कं बसतं. मग गाडी खाली घेतली की आर्म वर जातो आणि रबर पिळलं जातं. गाडी नुसती उभी असली तरी पिळलेलंच. ओला टॉवेल पिळून दिवसरात्र तसाच धरून ठेव, किती टिकेल? वर्ष, दीड वर्ष. फाटतं.

…हो.

…हो, ताई. दर दीड वर्षाला. आता लक्षात आलं ना?

…आणि त्यांची कारणं? रस्ते खराब, हे एक. माल हल्ली पूर्वीसारखा येत नाही, हे दोन. तू चालवतेस म्हणून, मी चालवते म्हणून, हे तीन. नाचता येईना अंगण वाकडं. आणि आईच्या बाजूचं आधी का जातं?… तेच. रस्त्याच्या कडेला तिची बाजू येते, खड्डे सगळे कडेलाच असतात, एवढं साधं. पण फोरमनसाहेबांनी काय शोध लावला? 'तिच्या वजनाने जातंय.' पंचेचाळीस किलोची बाई गं ती. घरात जो वारा येतो त्याने उडायची.

…तू हसू नकोस. मला नाही हसू येत.

…नाही येत, कारण सकाळी हीच गोष्ट मी हसत हसत आईला समजावून सांगितली. हातवारे करून. टॉवेलचं वगैरे. विद्वत्ता दाखवायची हौस ना मला. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे वजनाचा काही संबंध नव्हता?" मी म्हटलं, काडीचा नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण काय बोलून बसलो.

…हो. स्पीडब्रेकर.

…एकोणीस वर्षं, ताई. मी हिशेब केला. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा सुरू झालं. स्पीडब्रेकर आला की गाडी थांबायची, आई उतरायची, गाडी रिकामी पलीकडे जायची, ही चालत पलीकडे जाऊन परत बसायची. घर ते बाजार चार स्पीडब्रेकर. जाताना चार, येताना चार. हातात पिशव्या असल्या तरी. आपल्याला ते इतकं सवयीचं झालं होतं, मला वाटायचं सगळ्यांच्या घरी आया उतरतात.

…हो, तो सायकलवाला. आठवतो ना. तिला वाटलं दम लागला म्हणून जरा उभं राहावं, तर त्याला वाटलं नवऱ्याने रस्त्यात उतरवून दिलं. 'मावशी, माहेरी सोडू का?' आपण घरी किती हसलो होतो त्याच्यावर. बाबा सगळ्यात जास्त. आई पण हसली होती. आता मला आठवतच नाहीये, ती खरंच हसली होती का.

…आई? तीच तर भानगड आहे. आई गाडीत आहे.

…अगं, गाडीत. पुढच्या सीटवर, तिच्या बाजूला. दार लावून, काच वर करून बसलीये.

…नाही नाही, जॅकवर नाही, मी काय वेडी आहे? मी आधी बोल्ट सैल केले, चाकं लावली, गाडी खाली घेतली. चारी चाकं रुंद लाकडी ठोकळ्यांवर आहेत, मागच्यांना विटा लावल्यात, हँडब्रेक ओढलाय. चाक पूर्ण वळवलं की बाहेरून पाना जातो, खाली शिरायला पण नको. मी तोवर त्या कामात होते. ही मुकाट्याने घरात गेली, केस विंचरून आली, पर्स घेतली आणि बसली. दीड तास झाला.

…म्हटलं ना मी. म्हटलं, आई, चहा करू? तर नको. आत ये, उन्हात काय बसतेस? तर 'मी माझ्या जागेवर बसलेय.' म्हटलं, अगं गाडी कुठे जात नाहीये. तर म्हणाली, "म्हणूनच बसलेय. चालू असती तर उतरावं लागलं असतं."



…नाही, ओरडत नाही, रडत नाही, तीच तर पंचाईत आहे. ओरडली असती तर मी पण ओरडले असते, निकाल लागला असता. तिचं एकच म्हणणं आहे, त्यांना सांगा. तुम्ही दोघींनी सांगा नाही तर मी सांगते, पण उद्या मी आणायला येईन ती त्यांना कळल्यानंतरच. नाही तर येणार नाही. तुम्ही तुमचं बघा.

…ताई, मला कळतंय तुझं. प्रेशर, साखर, ऑपरेशन, सगळं कळतंय. झाकली मूठ ठेवायला माझी काय ना नाही. मला तर वाटलं होतं, गुपचूप खाली आवळून टाकू आणि फोनवर सांगू, हो बाबा, हवेत आवळलं, तुम्ही सांगितलं तसंच. त्यांचा मान राहिला, पाठ पण राहिली. पण आता आईचं काय करू? तिला काय सांगू, तू एकोणीस वर्षं उगीच चाललीस, पण कोणाला सांगू नकोस?

…'समजावून सांग' काय, समजावून सांग. तू ये आणि सांग. मी बसते बाबांपाशी, तू ये इथे आणि पाना धर.

…नाही, रागावले नाहीये. रागावले आहे. पण तुझ्यावर नाही. तू कशाला मध्ये… बरं, तुझ्यावर पण थोडी आहे. एक्सचेंजबद्दल.

…एक गोष्ट मात्र मला समजत नाहीये. हा जो शेवटचा बुश होता ना, आत्ता काढला तो. हा चार वर्षं टिकला. आधीचे सगळे दीड वर्षात गेले, आणि हा चार वर्षं. बरोबर आहे ना? तुझ्या मोठ्याची बारावी होती, तेव्हा बदलला होता… हो ना? मग? तोच बनवणारा, तोच रस्ता, तेच चालवणारे. मालच चांगला लागला असेल बहुतेक.

…कोण आलं?… नर्स? काय म्हणते?… बेल वाजवतायत? सतत? अगं मग जा ना. सांग येतेच म्हणून.

…नाही, नको. फोन नको देऊस त्यांना. ताई, मी सांगतेय, आत्ता नको… ताई. अगं ऐक ना, मी अजून ठरवलं नाहीये काय…

…

बाबा. हो. मीच.

…बरी आहे मी. तुमची पाठ कशी आहे?… नाही, विषय नाही बदलत. विचारलं आपलं.

…हो, सोडले बोल्ट. मीच सोडले. कोणी सांगितलं नाही, मीच.

…बाबा, थोडं ऐकून घ्या. चाकं हवेत नाहीयेत. मी गाडी खाली घेतलीये. आता ठोकळ्यांवर उभी आहे, सगळं वजन चाकांवर आहे, आणि आता मी आवळणार आहे. डब्यातल्या कागदात तसं लिहिलंय. हवेत आवळलं की रबर पिळतं आणि लवकर फाटतं. आपले सगळे बुश त्यामुळे गेले. आईमुळे नाही गेले. रस्त्यामुळे थोडेफार, पण आईमुळे नाही.

…हॅलो?

…बाबा? आहात ना?

…चिडलात का?…

…काय?

…काय म्हणालात? परत सांगा.

…माहीत होतं?

…थांबा. थांबा जरा. तुम्हाला माहीत होतं, खाली आवळायचं असतं ते?… कधीपासून?

…चार वर्षं.

…गॅरेजवाल्याने सांगितलं. अच्छा. बुश घ्यायला गेलात तेव्हा त्याने सहज विचारलं, 'खाली ठेवूनच आवळता ना, काका?' आणि तुम्ही काय म्हणालात?… 'अर्थातच.' अर्थातच म्हणालात. वा.

…आणि मग घरी येऊन खाली ठेवून आवळलात. आई ताईकडे गेली होती तेव्हा. म्हणून हा चार वर्षं टिकला. मी इथे तासभर डोकं खाजवतेय, मालच चांगला असेल, मालच चांगला असेल.

…मग आज सकाळपासून मला सात वेळा हवेत आवळ, हवेत आवळ का सांगत होतात?

…ताई शेजारी बसली होती, तिच्यासमोर चूक कबूल कशी करायची म्हणून?… बाबा, तिला आर्म म्हणजे काय तेही माहीत नव्हतं.

…घरी आल्यावर तुम्ही नीट करणार होतात. पाठीत सहा स्क्रू घेऊन. गाडीखाली. धन्य आहे.

…नाही, माझा आवाज चढत नाहीये. चढतोय. चढणारच. बुशचं सोडा, खड्ड्यात गेला तो बुश. चार वर्षं आईला का उतरवत होतात, ते सांगा मला. माहीत नव्हतं तोवर ठीक, चूक होती, कोणाचीही होते. पण कळल्यानंतर? मागच्या महिन्यात तुम्ही दोघं रिपोर्ट आणायला गेलात, तेव्हा पण उतरली ना ती? गुडघ्याला पट्टा बांधून?



…हं.

…हं. पहिल्या दिवशी सांगायचं होतं.

…तोंडावर आलं होतं. मग?… गाडी थांबली, आणि तुम्ही काही बोलायच्या आत ती आपणहून उतरली. दार लावलं आणि चालायला लागली. मग तुम्ही म्हटलं, पुढच्या वेळी सांगू.

…आणि पुढच्या वेळी सांगितलं तर ती विचारणार, मागच्या वेळी का नाही सांगितलं. हो. कळतंय. दर वेळी एक वाढत गेलं.

…कळतंय म्हणजे पटतंय असं नाही, बाबा. मला खूप राग आलाय तुमचा. मी तुमच्या गाडीखाली पाच तास पडून होते तेव्हा नव्हता आला इतका आत्ता आलाय. ऑपरेशन झालंय म्हणून बोलू नये, पण आलाय.

…आरशात? कसलं आरशात?… अच्छा. तुम्ही पलीकडे जाऊन थांबायचात आणि आरशात बघत बसायचात. ती येईपर्यंत.

…हो. लहान दिसायची. मग लांबून माणूस लहानच दिसणार.

…बाबा, एक सांगू का? फोन स्पीकरवर आहे. माझे हात ग्रीसचे आहेत ना, म्हणून पहिल्यापासून.

…हो. बॉनेटवर. ती आतच बसलीये. काच वर होती तिची, पण तुम्ही 'माहीत होतं' म्हणालात तेव्हा खाली घेतली. पूर्ण. मला वाटलं तुम्हाला आवाज आला असेल त्या काचेचा, कुरकुरते ती.

…ऐकलंय. सगळं ऐकलंय तिने.

…समोर बघतेय. भिंतीकडे. पर्स घट्ट धरलीये.

…आईऽ, बाबा तुझ्याशी बोलू का विचारतायत… नाही म्हणतेय, बाबा. मान हलवली.

…अहो, मी काय जबरदस्ती करू? फोन तिच्या कानाला चिकटवू?

…काय?… आता अँब्युलन्स? आता अँब्युलन्सने येतो म्हणता? आणि ते आडवं होऊन एकदाच येतो वगैरे?… बाबा, मी सात वाजल्यापासून… माझा अंगठा बघा एकदा येऊन. तिला तोंड कसं दाखवू म्हणून अँब्युलन्स? अँब्युलन्स काय तिसऱ्या गावाला नेणार आहे तुम्हाला? याच दारात आणून सोडणार, आणि दारात आईच असणार.

…थांबा. एक मिनिट. ती काहीतरी म्हणतेय… काय गं?… हां… हां… असंच सांगू?… बरं.

बाबा, आई म्हणतेय, अँब्युलन्स नको. गाडीच येईल. चार माणसांनी उचलून नेण्याइतके तुम्ही अजून सरळ नाही झालात, म्हणते… हो, शब्द तिचेच आहेत, मी काही घातलं नाही. ती पुढे बसेल. तुम्ही मागे उशा लावून. मी चालवीन. अकरा वाजता आंघोळ करून तयार राहा, मागच्यासारखं नर्सशी वाद घालत बसू नका.

…हो, ती येतेय म्हणाली. तुम्ही सांगितलंत ना आपल्या तोंडाने, म्हणून. मी सांगितलं असतं तर आली असती की नाही, देव जाणे.

…नाही. ते मी नाही पोचवणार. माफी मला देऊन ठेवू नका, माझ्याकडे जागा नाही. एकोणीस वर्षांचं आहे, उद्या अर्ध्या तासाचा रस्ता आहे, तुमच्यासमोरच तिची सीट असेल. तेव्हा बोला.

…चिडली तर चिडेल. चिडू दे.

…हो, सावकाश चालवीन. धक्का नाही बसू देणार. रबर नवीन आहे, आता जागच्या जागी आवळते.

…सगळे स्पीडब्रेकर अगदी हळू घेईन, हो.

…काय?… शाळेपाशी काय?… मोठा आहे, माहितीये मला. दोन फुटांचा आहे तो, बांधणाऱ्याला काय झालं होतं कोण जाणे. पण तिथे काय?… बोला ना. तिथे तेवढं काय?

…

…हं. तुमचं तुम्हालाच कळलं ना.

…नाही, बाबा. तिथेही नाही उतरणार ती.

ठेवते मी. दोन बोल्ट राहिलेत.